गोपनीय शाखेची नोंदवही



संयोजक म्हणाले, "सर, पोलिसी अत्याचारावर बोला." मी म्हटलं, त्यावर या सभागृहातली पन्नाशीपुढची माणसं माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. काठीचे वळ कुठं उठतात हे त्यांना भाषणातून समजून घ्यायची गरज नाही. मला बोलायचंय ते काठीच्या आधी जे येतं त्यावर. सभेच्या कडेला उभं राहून लिहून घेणाऱ्या माणसावर. साध्या कपड्यातला, हातात छोटी डायरी, हल्ली मोबाइल. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखतो. "गोपनीयचे आलेत का?" असं आपली पोरं सहज विचारतात. आजही ते आलेले असतील. त्यांना मागं उभं ठेवू नका, खुर्ची द्या, चहा द्या. माझं भाषण जरा वेगानं असतं, लिहिताना त्रास होईल त्यांना.

हसलात, बरं झालं. पण आता मुद्द्याकडे येतो.

१९८२ साली महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागानं एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढला. बाबासाहेब आणि अस्पृश्यांची चळवळ यांच्या इतिहासाची साधनं, खंड पहिला. अभ्यासक आजही त्याच्याशिवाय पुढं सरकत नाहीत. त्यात काय आहे? वर्तमानपत्रांतली वृत्तं आहेत, आणि त्यांच्या जोडीला मुंबई इलाख्याच्या पोलिसांचे गुप्त गोषवारे आहेत. गोऱ्या साहेबाच्या राज्यात बाबासाहेबांच्या सभांना पोलिसांचा माणूस जायचा आणि टिपून आणायचा. अमुक तारखेला, अमुक गावी, इतकी माणसं जमली, अध्यक्ष कोण, कोण काय बोललं. दोन-चार ओळी, कोरड्या. महाड त्यात आहे, नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यात आहे. ज्या सभांना आपल्यातला लिहिणारा माणूस हजर नव्हता, त्या सभा आज आपल्याला कळतात त्या पोलिसाच्या डायरीतून. याला काय म्हणायचं? उपकार म्हणायचे का?

मी तो ग्रंथ पहिल्यांदा वाचला तेव्हा मला गंमत वाटली होती. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा एक गोष्ट खुपली. राज्याचा डोळा इतका तल्लख, कुठल्या गावात किती महार जमले हे त्याला नेमकं दिसतं. मग त्याच गावात त्या महारांना पाणी कोण भरू देत नाही, हे त्याला का दिसत नाही? महाडचंच बघा. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यायलो, आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. काही हल्लेखोरांना शिक्षा झाली, हे सांगितलं पाहिजे. पण डिसेंबरात सत्याग्रहाची वेळ आली तेव्हा काय झालं? कोर्टाचा मनाई हुकूम आला, आणि जिल्ह्याचे साहेब जातीनं येऊन सत्याग्रहींना थांबा म्हणून सांगू लागले. पाणी अडवणारे घरी होते. थांबायचं कुणी? तहानलेल्यांनी.

डोळा एकाच दिशेला वळलेला आहे, हे मला आज सांगायचंय. आणि ज्या दिशेला डोळा वळतो, त्याच दिशेला पुढं काठी जाते.

आता जरा लांब जाऊन येऊ, अमेरिकेत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना पत्र लिहिलं होतं, काळ्या माणसांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची चौकशी करायला. डुबॉय यांनी उत्तरही पाठवलं. पुढं त्याच डुबॉय यांच्यावर अमेरिकी सरकारनं खटला भरला, त्यात ते सुटले, तरी त्यांचा पासपोर्ट अडवून ठेवला. म्हाताऱ्या विद्वानाची ही तऱ्हा. मग तरुणांची काय असेल?

१९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे त्याचे संस्थापक. त्यांचं पहिलं काम काय होतं माहिती आहे? पोलिसांवर पाळत ठेवणं. पोलीस काळ्या माणसाला रस्त्यात अडवतात तेव्हा कायद्याचं पुस्तक घेऊन शेजारी उभं राहायचं आणि बघत राहायचं. राज्य सगळ्यांवर नजर ठेवतं, पण राज्यावर कुणी नजर ठेवली की त्याला ते सोसत नाही. एडगर हूवरच्या एफबीआयनं एक गुप्त कार्यक्रमच चालवला, कॉइन्टेलप्रो नावाचा. १९५६ मध्ये तो सुरू झाला, आधी कम्युनिस्टांसाठी, मग १९६७ पासून काळ्यांच्या संघटनांसाठीही. खोटी पत्रं पाठवा, नेत्यांची आपसात भांडणं लावा, खबरे घुसवा. मार्टिन ल्यूथर किंगला निनावी पत्र गेलं, ज्यात आत्महत्येकडे बोट दाखवलेलं होतं. आणि ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत पोलिसांनी फ्रेड हॅम्प्टनच्या घरावर छापा घातला. पोरगा एकवीस वर्षांचा, झोपेत होता. पोलिसांनी नव्वदच्या आसपास गोळ्या झाडल्या. पँथरांकडून एक गोळी सुटली असावी, असं पुढं तपासात निघालं. घराचा नकाशा पोलिसांना कुणी दिला? पक्षातल्याच माणसानं. तो एफबीआयचा खबऱ्या होता.

बघा, आधी खबरी, मग नकाशा, मग गोळी. या क्रमात कुठंही अपघात नाही.

आणि हे सगळं उजेडात आलं ते कसं? सरकारला उपरती झाली म्हणून नव्हे. ८ मार्च १९७१ च्या रात्री, अली आणि फ्रेझर यांच्या कुस्तीला... माफ करा, मुष्टियुद्धाला सगळा देश कान लावून बसलेला असताना, पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात आठ साध्या नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं आणि फायली पळवल्या. त्या वर्तमानपत्रांना पाठवल्या. काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनांवर देशभर नजर ठेवा, असे आदेश त्यांत निघाले. एका कॉलेजातली फोन जोडून देणारी बाईसुद्धा खबर देत होती. पुढं सिनेटची चर्च समिती बसली आणि तिनं हजारो कागद तपासले. चोरी करा असं मी सांगत नाही. (गोपनीयच्या साहेबांनी हे वाक्य नीट लिहून घ्यावं.)

आता घरी या.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार, अरुण कांबळे, भाई संगारे. नाव अमेरिकेतून आलं, पण राग इथलाच होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झाली होती, बावड्यात बहिष्कार पडला होता. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' साप्ताहिकात राजा ढाले यांचा लेख आला. गदारोळ कशावर झाला? राष्ट्रध्वजाबद्दल वापरलेल्या शब्दांवर. ब्राह्मणगावच्या बायकांवर किती संपादकीयं आली, ते जुने अंक काढून मोजा.

५ जानेवारी १९७४ ला वरळीत, बीडीडी चाळीजवळच्या आंबेडकर मैदानात पँथरची सभा होती. दक्षिण-मध्य मुंबईची पोटनिवडणूक आठवड्यावर आलेली आणि पँथरनं मतदानावर बहिष्कार पुकारलेला. सभेवर दगड आले. दगड कुठून आले हे उघड होतं. पोलीस कुणावर धावले? सभेवर. लाठी, अश्रुधूर, गोळीबार. १० जानेवारीला परळमध्ये निषेधाच्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि पँथरचा कार्यकर्ता भागवत जाधव गेला. नंतर चौकशीसाठी भस्मे आयोग बसला. वरळीच्या त्या चाळींमध्ये पोलिसांचीही घरं होती, हे लक्षात ठेवा. सकाळी वर्दी चढवून बंदोबस्ताला येणारा माणूस संध्याकाळी त्याच चाळीतला एक शेजारी असतो, त्याची जात त्याच्या सोबत असते. वर्दीला जात नसते असं आपण म्हणतो. म्हणावं लागतं.

इथं एक अडचणीची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितली नाही तर माझं भाषण सोपं होईल. त्या वर्दीत आपलीही पोरं आहेत. भरतीच्या तयारीसाठी पहाटे मैदानावर पळणारी पोरं आपल्याच वस्त्यांतली आहेत. डायरी घेऊन उभा असलेला अंमलदार घरी भीमजयंतीला निळा झेंडा लावतो. त्याला शत्रू मानून चालणार नाही. तो लिहितो ते वर जातं, आणि वर गेल्यावर त्याचं काय होतं हे त्याला कळत नाही. प्रश्न त्याचा नाही, त्या कागदाचा आहे.

आता मराठवाडा. विद्यापीठाच्या या शहरात मी नामांतर सांगायला लागलो तर अर्धी सभा मला दुरुस्त करील, म्हणून थोडक्यात. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. आणि खेड्याखेड्यांत आगी लागल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. सुगावला जनार्दन मवाडे गेले. आता माझा प्रश्न. ठराव येणार हे जाहीर होतं. विरोध होणार हेही जाहीर होतं. प्रत्येक गावात पोलीस पाटील, प्रत्येक तालुक्यात ठाणं, प्रत्येक जिल्ह्यात विशेष शाखा. मिलिंद कॉलेजच्या वसतिगृहात कोण कुणाला भेटतं, नागसेनवनात कुठल्या झाडाखाली बैठक होते, हे ज्यांना माहीत होतं, त्यांना कुठल्या गावात रॉकेलचे डबे गोळा होतायत हे माहीत नव्हतं? माहीत नसेल तर तो डोळा आंधळा. माहीत असेल तर? पुढचं तुम्हीच म्हणा.

आणि १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च घेऊन इकडं निघाले, तेव्हा तोच डोळा लख्ख उघडा होता. मोर्चा वाटेत अडवला, खडकपूर्णेच्या पुलावर लाठ्या पडल्या, माणसं तुरुंगात भरली. चालणारी माणसं दिसली, जाळणारी दिसली नव्हती. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं. त्याच्या पावणेदोन महिने आधी, नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं होतं.

आता जरा रोजच्या व्यवहाराचं बोलू. गोळीबार वर्तमानपत्रात येतो, पण चळवळीची कंबर मोडते ती कागदांनी. मोर्च्याच्या आदल्या रात्री ठाण्यातून बोलावणं येतं. एकशे एकोणपन्नासची नोटीस. आता कायदा बदलला, आकडा एकशे अडुसष्ट झाला, मजकूर तोच. आपल्या कृत्यामुळे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, आणि सदरची नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात सादर करण्यात येईल. खाली सही. म्हणजे अजून काही घडलेलं नाही, आणि पुरावा तयार! मग चॅप्टर केस, बाँड. मोर्चात ढकलाढकली झाली की सरकारी कामात अडथळा, जुनं तीनशे त्रेपन्न. असे चार-सहा कागद साठले की तडीपारीचा प्रस्ताव. त्यात लिहिलेलं असतं की याच्यावर पूर्वी इतके गुन्हे दाखल आहेत. दाखल कुणी केले? ज्यांनी प्रस्ताव पाठवला त्यांनीच. आणि पोरगा पंचविशीचा असतो, बी.एड. झालेला, पोलीस पडताळणीत नोकरी अडते. त्याला कुणी मारलेलं नसतं. घरात आई विचारते, "आता पुरे कर रे."

असे किती कार्यकर्ते गेले चळवळीतून, याचा शहीद स्तंभ कुठं आहे?

११ जुलै १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ दिसली. लोक महामार्गावर उतरले. राज्य राखीव दलाची तुकडी आली आणि तिनं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. मग खुलासा आला की जमाव गॅसच्या टँकरला आग लावणार होता, गोळीबार केला नसता तर अनर्थ झाला असता. हा टँकर लक्षात ठेवा. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं तो टँकर खोटा ठरवला, गोळीबार अनावश्यक ठरवला. उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावली ती मे २००९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, आणि नंतर त्यांना जामीनही मिळाला. शाहीर विलास घोगरे तेवढे थांबले नाहीत. गोळीबारानंतर चौथ्या दिवशी त्यांनी गळफास घेतला.

प्रत्येक गोळीच्या मागून असा एक टँकर येतो. २००६ मध्ये खैरलांजीचं हत्याकांड झालं, लोक रस्त्यावर आले, तर गृहखात्याकडून नक्षलवाद्यांचा हात असल्याची भाषा आली. भोतमांगे कुटुंबाच्या चार माणसांचे मुडदे पडले होते, आणि शोध चालला होता चिथावणी कुणी दिली याचा. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याला साहित्य संमेलनाहून परतताना पकडलं. चाळीस महिने आत. मे २०१४ मध्ये गोंदियाच्या न्यायालयानं निर्दोष सोडलं. जून २०१८ मध्ये पुन्हा पकडलं, एल्गार परिषदेच्या प्रकरणात. या वेळी साडेसहा वर्षं, आणि जामीन मिळाला तेव्हा आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. त्याच प्रकरणात आनंद तेलतुंबडे १४ एप्रिलला, २०२० साली, भीमजयंतीच्या दिवशी हजर झाले. तो खटला न्यायालयापुढं आहे, कोण दोषी कोण निर्दोष हे मी या माइकवरून ठरवणार नाही. पण त्यातले आरोपी रोना विल्सन आणि सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत फायली बाहेरून घुसवल्या होत्या, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल या तपासणी संस्थेनं दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. आणि २०१९ मध्ये तेलतुंबड्यांना आणि नागपूरचे वकील निहालसिंह राठोड यांना व्हॉट्सॲपकडून निरोप आला होता की तुमच्या फोनमध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवायचा प्रयत्न झालाय. पेगॅसस बनवणारी कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांना विकतो. डायरीवाला निदान समोर उभा असायचा. त्याला चहा देता यायचा.

आता परभणी. लांब नाही, आणि जुनं तर नाहीच.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीच्या रेल्वे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद. बंदला हिंसक वळण लागलं, दुकानांचं नुकसान झालं, ते मी नाकारत नाही. मग कोंबिंग. वस्त्यांमध्ये शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी बायकांनी उघडपणे सांगितल्या. पन्नासच्या आसपास लोक पकडले, त्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय पस्तीस, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत तो मेला.

शवविच्छेदन कुठं झालं? इथं, आपल्या घाटी रुग्णालयात. प्राथमिक अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं गेलं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. आणि विधानसभेत काय सांगितलं गेलं? त्याला श्वसनाचा आजार होता, मारहाण झाली नाही असं त्यानं स्वतःच न्यायदंडाधिकाऱ्यांना सांगितलं. टँकर आठवतोय ना? मी घाटीच्या त्या डॉक्टरांना ओळखत नाही. पण सरकारी दवाखान्यात, सरकारी पगारावर, त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. शासनाच्याच एका कागदानं शासनाच्या दुसऱ्या कागदाला खोटं पाडलं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची ही तरतूद २००५ च्या दुरुस्तीनं आली. त्या चौकशीनं पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा दाखल होईना. विजयाबाई सूर्यवंशी, त्याची आई, उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठात आल्या. ॲड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. ४ जुलै २०२५ ला खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. शासन काय म्हणालं? शासन सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथंही हरलं. नुसता एक एफआयआर नोंदवायला साडेसात महिने. मोर्च्यातल्या पोरावर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत लागलेलं असतं.

त्याच जुलै महिन्यात विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. कडव्या डाव्या संघटनांसाठी आहे असं सांगतात. कोण कडवं, हे कोण ठरवणार? ज्याच्याकडे नोंदवही आहे तो ठरवणार. म्हणून मी मघापासून नोंदवहीवर अडून बसलोय.

पुन्हा त्या १९८२ च्या ग्रंथाकडे या. ज्या वर्षी शासन इंग्रजांच्या पोलिसांनी बाबासाहेबांवर ठेवलेली पाळत छापून काढत होतं, त्या वर्षी नामांतराच्या कार्यकर्त्यांच्या मागं कोण फिरत होतं? एक नोंदवही छापखान्यात आणि दुसरी भरणं चालू. इंग्रजांची वही उघडायला शासनाला लाज वाटली नाही, कारण ती परक्याची होती. स्वतःची वही शासनानं अशी छापून काढलेली नाही. काही कागद अभ्यासकांच्या हाती लागले असतील, पण वरळी, मराठवाडा, रमाबाई नगर, यांचे पोलिसी साधनखंड आपल्याला हवेत. त्यात काय लिहिलंय हे ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांनी वाचायला नको? आमच्यातला कोण खबर देत होता, हे जाणून घेण्यात मला रस नाही. ती नावं झाका. वरून आदेश काय आले, २७ जुलै १९७८ च्या आधी कुठल्या जिल्ह्यातून काय इशारा गेला होता, तो कुणी वाचला आणि कुणी बाजूला ठेवला, हे मला बघायचंय.

कायदा काय म्हणतो? माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात आहे की वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, देशाची सुरक्षा वगैरे मोजके अपवाद सोडले तर, द्यायची असते. गुप्तवार्ता विभागांना सूट देता येते, पण मानवी हक्कभंगाच्या आरोपाची माहिती त्या सुटीत बसत नाही, हेही चोविसाव्या कलमातच लिहिलंय. मग अडतंय कुठं? आपण मागितलं नाही तिथं. संविधान आपण डोक्यावर घेतो, आणि अर्ज करायचा कंटाळा करतो. राग येऊ देऊ नका, खरं तेच सांगतो.

इथं वकील बसलेत, विद्यापीठात संशोधन करणारी पोरंपोरी बसलीत. एकेकानं एकेक जिल्हा घ्या. नांदेड कुणी घ्यावं, परभणी कुणी, बीड कुणी. १९७८ ते १९९४ एवढाच काळ मागा, मोघम मागू नका, तारीख आणि ठाणं लिहा. नकार येईल, तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा. पुन्हा नकार येईल, तर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ याच शहरात आहे. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ आहे.

जय भीम.